दर्मी म्हणेल ती दुभती

जालदेसाच्या वस्तीत कुठली गाय दुभती आणि कुठली भाकड, हे दर्मी ठरवायची. बावीस वर्षं तीच ठरवत आली होती. सत्तरीची, उंच, हाडापेरानं मोठी बाई. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, तरी तिच्या नजरेतून गाय सुटत नसे. बायका पाण्याच्या वाटेवर म्हणायच्या, "तिचा चांगला डोळा नुसता दाखवायला आहे गं, बघते ती फुलाच्या डोळ्यानं."

ठरवायची वेळ दर साली येई. दोन पावसाळ्यांच्या मधल्या उन्हात वस्तीजवळचं गवत सगळ्या गुरांना पुरत नाही. मग कळप फोडायचा. दुभत्या गायी आणि त्यांची पिती वासरं घरी ठेवायची. वळू, कालवडी, भाकडं तरण्या पोरांच्या हवाली करून दक्षिणेला सहा दिवसांच्या वाटेवर धाडायची. तिकडे गवत असतं, कधी नसतं. धडधाकट जनावर जातं आणि येतं. थकलेलं जातं आणि वाटेत बसतं. त्यामुळे कळप फोडायच्या आधी आपली गाय दुभतीच आहे असं प्रत्येक घराला वाटायला लागतं. पुरुषांच्या सभेत वस्तीचा मुखिया जालदेसा कितीही मोठा असला तरी धारेचं खरं बायकांनाच ठाऊक, आणि बायकांचं खरं-खोटं दर्मीला. म्हणून हे काम तिच्याकडे.

तिची रीत साधी. भांड्यात किती दूध आहे ते ती बघायचीच नाही. "भांड्यात पाणीही ओतता येतं," म्हणायची. ती वासराकडे बघत उभी राहायची. पोटभर प्यालेल्या वासराच्या ओठांना फेस येतो, ते शेपूट हलवतं आणि आपणहून सोडतं. कोरड्या आईला लुचणारं वासरू ढुशा देत राहतं. बघून झालं की काठी टेकायची आणि एकच शब्द बोलायची. त्या शब्दावर कुणी वाद घातला नव्हता. एका साली तिनं जालदेसाच्या धाकट्या बायकोची गाय भाकड ठरवली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "माझ्या घरात मला कुणी विचारत नाही, तुला तरी विचारतात. चालू दे."

सकाळी काठी हातात घेण्याआधी ती उगवतीकडे तोंड करून उभी राहायची, गवताची काडी हातात धरून देवाला म्हणायची, "माझी जीभ सरळ ठेव." एवढंच मागायची. पाऊस मागायला बाकीचे होते.

त्या साली छोटा पावसाळा आलाच नाही. ढग आले, दोन दिवस बसले, उठून गेले. पौषातच माळ असा झाला, की वारा सुटला की गवताऐवजी धूळ हले. विहिरीवर गुरांची पाळी चौथ्या दिवशी येऊ लागली. जालदेसानं कुरण फिरून पाहिलं आणि सांगितलं, "या खेपेला तीसच तोंडं राहतील. एकतिसावं ठेवलं तर तीसही जगायची नाहीत."

दर्मी तेव्हा वस्तीत नव्हती. तिची बहीण वारली होती. तिकडे ती वीस दिवस राहून आली. आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी फेरी ठरली.

पहिल्या वाड्यापासून ती निघाली. तिसऱ्या वाड्यात एलेमा राहायची. नवरा मागच्या साली गेलेला, तीन मुली, एक गाय. वासरू ढुशा देत होतं. दर्मी बराच वेळ उभी राहिली. एलेमाच म्हणाली, "मावशी, मला दिसतंय. बोलून टाका."

"भाकड," दर्मी म्हणाली.

"बरं," एलेमा म्हणाली, आणि मुलींना आत जायला सांगितलं.

पाचवा वाडा सुनेचा. मुलगा वारिओ लांबच्या कळपाबरोबर जाणाऱ्यांतला मुख्य, त्याची तयारी चाललेली. सून साके कुंपणापाशी उभी होती, नात कुले तिच्या कमरेवर. पोर दोन वर्षांची, पण मान अजून आईच्या खांद्यावर टाकूनच बसायची. तापातून उठली होती. साकेची एकच गाय, करडी. माहेराहून आलेली.

"या आई," साके म्हणाली. "आमच्याकडे वेळ घालवू नका. बघताय ना, पितंय."

वासरू लुचत होतं खरं. करडीनं मागचा पाय दोनदा उचलला. मान वळवली नाही. वासराच्या पाठीवर जीभ फिरवली नाही. आपलं वासरू लुचत असताना गाय त्याला चाटत नाही असं दर्मीनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं खाली वाकून बघितलं. कपाळावर दोन भोवरे. हे वासरू तिनं घटकेपूर्वी चौथ्या वाड्यात पाहिलं होतं. शेजारणीच्या गायीखालून मागच्या कुंपणातून ते इकडे आणलेलं होतं.

करडीचं वासरू मेलं होतं. ते विचारायची गरज नव्हती. सुनेच्या डोळ्यांखालच्या काळेपणात दिसत होतं.

साके सासूकडे बघत होती. कमरेवरची पोर तिनं या बाजूची त्या बाजूला केली, म्हणजे कुलेचं तोंड आजीकडे झालं.

दर्मीनं काठी टेकली. "दुभती," ती म्हणाली. आणि पुढच्या वाड्याकडे वळली.

संध्याकाळी सगळे जमले. तुपात तळलेले कॉफीचे दाणे फिरले. जालदेसा आशीर्वाद म्हणू लागला, माळाला शांती, गुरांना शांती, लेकरांना शांती, आणि प्रत्येक ओळीला सगळे "शांती" म्हणून साथ देऊ लागले. दर्मीचे ओठ हलेनात. समोर एलेमा बसली होती. तिनं एकदाच दर्मीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. विश्वास होता, ते जास्त वाईट. तीस तोंडं भरली होती, आणि त्यांतलं एक करडीचं होतं.

उठताना दर्मीनं साकेला कुंपणाआड गाठलं.

"कधी गेलं?"

"बारा दिवस झाले. कातड्यात पेंढा भरून ठेवलाय. दोनदा पान्हावली त्याच्यावर. ओंजळभर निघालं. अजून येईल, आई. राहू दे तिला. सहा दिवसांची वाट तिच्यानं व्हायची नाही."

"ओंजळभर दुधानं पोर जगणार आहे? आणि पेंढा किती दिवस चाटील ती?"

"जगेल तेवढी जगेल."

"अगं, माझी गाय दोन वेळा देतेय. तिच्यावर मी एकटी. मागितली असतीस तर दिली नसती का?"

साकेनं पदर घट्ट ओढून घेतला. "तुम्ही येता त्या काठी घेऊन येता. मागायचं कुणाकडे?"



सकाळी कुंपणाची वाट मोकळी केली. एका अंगाला जालदेसा, दुसऱ्या अंगाला दर्मी. एकेक गाय बाहेर येई आणि डावीकडे किंवा उजवीकडे जाई. डावी बाजू घरची. एलेमाची गाय उजवीकडे गेली. मग करडी आली. सवयीनं ती डावीकडे वळली. दर्मी पुढे झाली, काठी आडवी धरली, आणि तिला उजवीकडे लोटलं.

वारिओ ओरडला, "आई! ती आमची. दुभती आहे ती, तूच म्हणालीस."

"खोटं बोलले," दर्मी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गुरंसुद्धा थांबल्यासारखी झाली. "काल भाकड आहे हे कळूनही मी दुभती म्हणाले. माझ्या घरची म्हणून."

जालदेसा जवळ आला. "डोळ्यानं चुकलीस, असं म्हण," तो हळूच म्हणाला. "वय झालं. कुणी काही बोलणार नाही."

"डोळ्यानं बरोबर पाहिलं होतं. जिभेनं चुकले."

कुणीतरी बायकांत हुंदका दिला. साके नव्हती ती. साके कुंपणाला पाठ लावून ताठ उभी होती. शेजारणीचं वासरू, मागचं कुंपण, यातलं काहीही दर्मीनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.  जालदेसा म्हणाला, "मग काठी दुसऱ्या हातात गेली पाहिजे, दर्मी. हे तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि काठी एलेमाच्या हातात दिली. एलेमा म्हणाली, "मला यातलं काय कळतं, मावशी?"

"काल स्वतःच्या गायीचं खरं तू मान्य केलंस. पुरे आहे तेवढं."

तिसांतली एका तोंडाची जागा रिकामी झाली होती. ती एलेमाच्या गायीला द्यावी असं एक-दोघं म्हणाले. एलेमा काठीकडे बघून म्हणाली, "ती कालही भाकड होती आणि आजही आहे." आणि जागा तशीच राहिली. जालदेसा म्हणाला, "राहू दे. एका तोंडाचं गवत वासरांना."

लांबचा कळप उन्हं चढायच्या आत निघाला. साके करडीच्या मागून वळणापर्यंत गेली आणि परत आली. दुपारी दर्मीनं आपली गाय आणि तिचं वासरू सुनेच्या वाड्यात नेऊन बांधलं. त्यांच्यात अशी गाय देतात. गाय देणाऱ्याची, दूध घेणाऱ्याचं. साकेनं दावं हातात घेतलं, "बसा" म्हणाली नाही. त्या उन्हाळ्यात दर्मी कॉफीच्या टरफलांचा काढा बिनदुधाचा प्यायली. देवापुढे उभी राहायची, पण जिभेचं मागणं तिनं बंद केलं. नुसती उभी राहायची.

नवव्या दिवशी वारिओचा फोन आला. टेकडीवर चढलं तर तिथं रेंज लागते. करडी पाचव्या दिवशी कोरड्या ओढ्यात बसली, उठली नाही. त्यानं तिच्या तोंडाशी जमेल तेवढं हिरवं ठेवलं होतं. एलेमाची गाय मात्र चालत होती. साकेनं ऐकलं, फोन नवऱ्याच्या चुलत भावाच्या हातात परत दिला, आणि धार काढायला गेली. रडली असेल तर धारेच्या आवाजात रडली असेल. कुले त्या वेळेपर्यंत मान सरळ धरून बसायला लागली होती.

मोठा पाऊस आला तेव्हा गेलेल्या चौपन्नांतली सदतीस परत आली. घरी ठेवलेली एकोणतीसच्या एकोणतीस जगली.

सासू-सुनेत भांडण झालं नाही. पण गोडवाही आला नाही. साके मान राखून बोलायची, कॉफी द्यायची, समोर बसायची नाही. दर्मीनंही ते ओढून आणलं नाही. आपल्या शब्दानं एक जनावर मेलं, याचा हिशेब तिला माफीत बसवायचा नव्हता.

पुढच्या सालचा उन्हाळा तेवढा वाईट नव्हता, तरी कळप फोडावा लागलाच. एलेमानं जालदेसाला सांगितलं, "मला जोडीला एक बाई पाहिजे. एकटीच्या जिभेवर एवढं ओझं नको." आणि तिनं साकेचं नाव घेतलं. लोक चकित झाले. एलेमा म्हणाली, "बायका वासरू कसं कुठून आणतात, ते तिला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. साके लाल झाली, पण नाही म्हणाली नाही.

दोघी दर्मीच्या वाड्यात आल्या तेव्हा सकाळ होती. गाय वर्षभर सुनेकडे राहून पावसानंतर परत आली होती. आता म्हातारी झालेली, वासरू मोठं, दूध उतरलेलं. दर्मी कुंपणापाशी मधेच उभी होती. बावीस वर्षं जिथं उभं राहायची सवय, तिथंच.

"आई, जरा बाजूला व्हा," साके म्हणाली. "दिसत नाहीये."

दर्मी बाजूला झाली.

साके वासराकडे बघत राहिली. खूप वेळ.  त्या गायीच्या दुधावर कुले पायावर उभी राहिली होती, आणि कुले तेव्हा वाड्यात शेण तुडवत, गायीच्या शेपटीशी खेळत होती.

"भाकड," साके म्हणाली. मग सासूकडे वळून परत म्हटलं. "भाकड आहे, आई."

"बरं," दर्मी म्हणाली, आणि स्वतःच दावं सोडायला वाकली.