सावडीची यादी

हवामान बदललं की अन्न कमी पडतं आणि अन्न कमी पडलं की माणसं भांडतात, हे मी भोरच्या कॉलेजात परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले आहेत. उत्तरात मी लांबच्या देशांची नावं घातली होती. आमच्या बांधाचं नाव घालावं, असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

वेल्ह्याच्या बाजूला भाताची लावणी सावडीवर होते. पाच घरांतल्या बाया आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, भाकरी ज्याची त्याने आणायची. पहिलं कोण, हे कुणी ठरवत नसे. ओढ्याकाठची आमच्यासकट चार घरांची खाचरं आधी भरायची. वरच्या अंगाला काकींची, ती आठ-दहा दिवसांनी भरायची. काकी नात्यातल्या नव्हेत, पण माझ्या आईच्या पंचवीस वर्षांच्या सोबतीण. नवरा पानशेतला हॉटेलात कामाला, लेक उत्रोलीला दिलेली, म्हणून त्यांना सावडीशिवाय हात नाहीत. ज्याचं खाचर भरलं, त्याच्याकडे बाया जायच्या.

गेल्या वर्षी रोपांसाठी तरवा पेरला आणि पाऊस तीन आठवडे गायब. हंडे ओतून रोपं जगवली. मग एका रात्रीत एवढा कोसळला की वरची-खालची सगळी खाचरं एकदम भरली. पाचही घरांची रोपं वाढून पिवळी पडत चाललेली. प्रत्येकीला लावणी आजच हवी. पारावर नुसता कालवा.

तेव्हा मी पुढं झाले. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ते मी लपवत नाही. मोबाईलवर पावसाचा अंदाज बघितला. आठ दिवस धो धो. वहीचा कागद फाडून पाच नावं, पाच दिवस लिहिले. जुनीच रीत धरून ओढ्याकाठापासून वर. आमचं नाव चौथं, काकींचं शेवटचं.

"बघा, शिकलेल्या पोरीचं काम कसं सरळ असतंय," कुणीतरी म्हणालं. मला ते आवडलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. चौथ्या दिवशी सकाळी काकी आमच्या अंगणात.

"बाय, वरचं पानी उतरतंय. आज माज्याकडं चला. तुमच्या खाचराला ओढा हाय, दोन दिस निघतील."

त्या बरोबर बोलत होत्या. मला ते कळत होतं. आई तर त्यांच्याकडं जायला डोक्याला फडकं बांधून उठलीही होती. पण आमचीही रोपं गुडघ्याएवढी झाली होती आणि अंदाजात दुपारनंतर पाऊस दिसत होता. शिवाय एकदा यादी मोडली की सगळ्याच मोडतील, असं मी स्वतःला सांगितलं.

"काकी, उद्या तुमचंच आहे की. कागदावर आहे."

"कागदाला चिखल लागतो का गं?"

बाकीच्या बाया पदर खोचून आमच्या बांधाकडं निघाल्या. आईनं माझ्याकडं बघितलं आणि आमच्याच खाचरात उतरली. दुपारी पाऊस आला नाही. दुसऱ्या दिवशी काकींच्या वरच्या खाचरात बोट जात नव्हतं. खालच्या दोन तुकड्यांत तेवढी लावणी झाली. उरलेला तरवा त्यांनी म्हशीला घातला. वर्षाचं खायचं भात होतं ते.

भात पोटरीला आलं तेव्हा पावसानं पुन्हा दडी मारली, ओढ्याचं पाणीही खाली गेलं. काकींच्या खाचरातलं पाणी बांधाच्या तोंडातून आमच्याकडं उतरतं, ते तोंड त्यांनी चिखलानं बुजवलं. वडील आमचे, मोठा माणूस, हात जोडून गेले. काकी बांधावरनं ओरडल्या, "यादी करा म्हनावं पान्याची बी! माजं नाव पयलं लिवा!"

आई चवताळून धावली. दोघी एकमेकींच्या आईबापापर्यंत पोचल्या. तंटामुक्तीची माणसं आली, चहा पिऊन गेली. आमच्याकडंही निम्मं भात पळींज, दाणा न भरलेलं निघालं.

मला चीड येते ती याचीच. पाऊस कुणी बिघडवला, तर ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही त्यांनी. आणि त्याचा हिशेब दोन बाया एका बांधावर एकमेकींच्या झिंज्या धरून मिटवतात. पण तो कागद मात्र पावसानं लिहिला नव्हता.

काढणीनंतर नवे तांदूळ झाकलेल्या टोपलीत घेऊन मी काकींकडं गेले. आईला सांगितलं नव्हतं. काकी दारातच उभ्या.

"सावडीचं हाय का दान?"

मी टोपली पुढं केली.

"दान असंल तर माघारी ने. भीक मागायला म्या निघाले न्हाई."

"सावडीचं," मी म्हणाले.

"मग ती हातानं फेडायची. उद्या ये, झोडनी ऱ्हायलीय."

घरी येऊन आईला विचारलं, काकींच्या झोडणीला चलतेस का. "तुजी सावड, तू फेड," म्हणाली आणि चुलीकडं वळली. बाकीच्या तिघींनी आपापली कामं सांगितली. मी एकटीच गेले.

मधे लाकडी फळी, एका बाजूला काकी, एका बाजूला मी. पेंढ्या आपटत राहिलो. पूर्वी त्या खळ्यावर पाच घरच्या बायांना दोन दिवस पुरत नसत. आम्ही दोघींनी भाकरीच्या वेळेआधीच उरकलं.