गवताआधीची जमीन

तर त्या साहेबाने चहाचा कप नेमका तिच्या दगडावरच ठेवला, इथपर्यंत काल आलो होतो. दगड म्हणजे वीतभर लाल फरशी, आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडलेली. आमच्या ठिणगीने, म्हणजे थोरल्याच्या मुलीने, खाणीतून स्वतः उचलून आणलेली. त्या दिवशी मला चष्म्याला न्यायचं होतं, म्हणून तिने मला कचेरीतल्या बाकावर बसवलं होतं. साहेबाचं दार सताड उघडं. ऐकू न येण्याचं सोंग मला झकास जमतं.

तिचं काम ऐकाल तर हसाल. मी चौथी शिकलेला, मला उद्याच्या पावसाचं सांगता येत नाही. ही पोरगी पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ऊन किती, पाऊस किती, ते संगणकाकडून गणित करवून काढते. शाळेत एकदा बाईंची बेरीज चुकली, तर ही उभी राहिली आणि बाई कबूल करेपर्यंत बसली नाही. दोन तास.

झालं असं, की संगणक म्हणे, त्या काळी तिथे हिरवं कुरण, वरचेवर सरी. दगड म्हणे, कोरडं ठणठणीत. चार महिने हिने नोंदी उपसल्या, तेव्हा कुठे चोर सापडला. गणितात पृथ्वीचे खंड मागे सरकवले, समुद्र हलवले, पण मोकळ्या जमिनीवर आजचं गवत तसंच राहून गेलेलं. गवत ओल वर सोडतं, त्या ओलीचे ढग होतात आणि गणितात पाऊस पडतो. गवत तर तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. ते पेरलं होतं खुद्द साहेबाने, दहा वर्षांपूर्वी. त्याचे सगळे लेख त्याच कुरणावर चरत होते.

"दहा वर्षं कुणाला दिसलं नाही, तुला बरं दिसलं," साहेब म्हणाला.

"कुणी बघितलंच नाही, सर."

"एक दगड घेऊन मला शिकवायला आलीस?"

"एकच आणला. बाकीचे उचलत नव्हते."

माझ्या बाकाशेजारच्या टेबलावरचा तिचा सोबती कागदात तोंड खुपसून बसला. कालपर्यंत 'ताई, ताई' करत होता.

साहेबाने नवा लेख पुढे सरकवला. त्यातही तेच कुरण. "सही कर. तुझ्या नोकरीची मुदत सोमवारी संपते, वाढवायची की नाही ते माझ्या हातात आहे. नसेल करायची तर दुसरं दार शोध. आणि माझी ओळख नाही असं दार कुठलं, तेही शोध."

सहा वर्षं घासली होती पोरीने तिथे. तिने पेनाचं टोपण काढलं. तिने ते परत लावलं आणि आवाज न चढवता म्हणाली,

"पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जिथे काडी उगवली नाही, तिथे ती माझ्या सहीने उगवायची नाही, सर. सोमवारची वाट कशाला बघायची, मी आजच निघते. तेवढा कप उचला, दगड माझा आहे."