नबीचा निवाडा आणि माझी आई

"हिला आत नाही. त्या निवडुंगापलीकडे खणा."

कब्रस्तानाच्या तोंडाशी आमच्या धर्माचे काजी बोलले ते दुसरीकडे बघत. आईचं मयत अजून खांद्यावर होतं. खांदा देणारे सगळे आमचेच, एकाच देवाचं नाव घेणारे. मुकाट्याने वळले. पुढचा खांदा माझ्या बापाचा होता. तोही वळला.

बायकांनी तिथे जायचं नसतं. पण मला पोरीला घरी धरून ठेवायला कोण होतं? मागे मागे गेले आणि सगळं बघितलं.

आम्ही इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणातून घाट चढून पेशव्यांच्या पुण्यात तेल गाळायला आलो. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनवारतेली. पण आमच्यातही गोरे आणि काळे. कातडीवर जाऊ नका. माझी आई कुणब्याची. बापाने तिला घरात आणली, म्हणून ती काळी आणि तिच्या पोटची मीही काळी. आई गव्हाच्या रंगाची. काजी तव्याच्या बुडासारखे. पण गोरे ते!

पेठेतले भटजी सकाळी आम्ही समोर आलो की कपाळाला आठ्या घालून माघारी फिरायचे. मी रडत घरी आले की बाप सांगायचा, "जाऊ दे गं. आपल्या देवाकडे वर-खाली नाही." मी ते खरं मानलं. किती भाबडी होते मी!

त्या साली पटकीची साथ होती. पेठेत घरोघरी माणसं मेली, त्यातच आई गेली. मातीपाशी काजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवाचा निरोप आणणारे नबी सांगून गेलेत. वंशात भेसळ झाली की देवाचा निवाडा येतो. ही साथ हिच्यापायी आली."

मी बापाकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल. बापाने मूठभर माती टाकली, हात झटकले, आणि काजींच्या मागून चालू लागला. भटांनी हिणवलं ते मी गिळलं होतं. हा माझा बाप होता. हे कसं गिळायचं?

तेव्हा आमच्याकडे धर्माची पोथी नव्हती. एक प्रार्थना तोंडपाठ, बाकी काजी सांगतील ते. म्हणून मीही धरून चालले की आई पापी होती आणि मी पापाची. वर्षानुवर्षं मान खाली घालून जगले.

मग कोचीनहून आमच्याच धर्माचे एक गुरुजी आले, पोथी घेऊन. काजींच्या ओट्यावर बसून मोडक्या मराठीत सांगायचे. गोरे ओट्यावर, आम्ही खाली अंगणात. एके दिवशी त्यांनी एका नबीची गोष्ट काढली. गुरं राखणारा साधा माणूस. त्याने आधी शेजारच्या राज्यांची पापं सांगितली. लोक खूश. आमचे काजीही मान डोलवत होते. "मग तो आपल्याच लोकांकडे वळला," गुरुजी म्हणाले. "गरिबाला तुडवून तुम्ही सण करता, ते सण देवाला नकोत, असं तोंडावर बोलला."

काजींची मान थांबली.

मी अंगणातून विचारलं, "गुरुजी, नबी निवाडा सांगायचे तो लोकांना हाकलायला का?"

"हाकलायचंच असतं तर आधी सांगायला कशाला पाठवलं असतं? ज्याने अन्याय केला त्याने मागे फिरावं, म्हणून सांगायचं."

"आणि परक्या बाईमुळे साथ येते, असं कोणी सांगितलं?"

"साथीचं असं मी तरी वाचलं नाही." मग त्यांनी काजींकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "पण तुमच्या रीती तुम्ही जाणा." त्या दिवशी ते काजींकडेच जेवले. वा रे गुरुजी!

घरी जाऊन बापाला धरलं. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

म्हाताऱ्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "खोटं आहे असं वाटायचं. पण मी बोललो असतो तर मलाही बाहेर काढलं असतं गं."

म्हणजे याला स्वतःची जागा राखायची होती. त्यासाठी माझी आई बाहेर टाकली.  त्यानंतर त्याला जेवायला वाढलं, आजारपण काढलं, पण बाबा म्हणून हाक मारली नाही. तो मेला. त्याला आत पुरलं, मानाने.

मग काजी दारात आले. "पोरी, तू आता एकटी. आईचं नाव सोड, शुद्धीचा नवस कर. आत घेऊ तुला."

"शुद्ध तुम्ही व्हा, काजी," मी म्हटलं. "नबी तुमच्याशी बोलत होता."

ते तणतणत गेले. मी कुठेही गेले नाही. देव माझाही आहे. दर शनिवारी प्रार्थना सुटली की मी त्यांच्या दारासमोर उभी राहते आणि मोठ्याने विचारते, माझ्या आईला बाहेर का पुरलं? बाप गप्प का बसला, तेही सांगते. मेलेल्याला सोड, म्हणतात बायका. नाही सोडणार. आता काजी मला कब्रस्तानात आत जागा देऊ म्हणतात, तोंड बंद राहावं म्हणून. नको. आधी माझ्या आईची हाडं उकरून आत आणा, तुमच्या हातांनी, सगळ्यांसमोर. तोवर मी मेले, तर मलाही तिच्याशेजारीच पुरायचं.