माकणीच्या मामांचा देवमासा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी निधनाची बातमी लिहीत होतो. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "दादा, अण्णा गेले." हातातली बातमी मी पूर्ण केली, नाव आणि वय पुन्हा तपासलं आणि मग माकणीला निघालो. त्याला पाच आठवडे झाले.

दिगंबरमामा, गावाचे अण्णा, निम्न तेरणा धरणावर पाणीपातळी मोजायचे. मोजपट्टीवरचा आकडा रोज सकाळी वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. मी बातमीदारीत नवा असताना धरणाची पातळी त्यांनाच फोन करून विचारायचो. एकदा घाई केली, तर म्हणाले, "आरं, वारं सुटलंय. लाट बसू दी, मग आकडा सांगतो." त्यांनी दिलेला एकही आकडा मला कधी मागं घ्यावा लागला नाही. पावसाळ्यात पाणी वाढलं की धरणाखालची गावं आधी अण्णा काय म्हणतात ते विचारायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच इच्छा सांगितली. "ज्याला पट्टी लावता येत न्हाय असलं पाणी बगायचंय." मी त्यांना मालवणला नेलं. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत आम्ही बसलो. डॉल्फिन दिसले तशी सगळी माणसं डाव्या बाजूला धावली. मामांनी मला हाताला धरून उजवीकडं बसवलं. "समदी तिकडं गेली तर बोट कलंल."

त्यामुळं ते आम्हा दोघांनाच दिसलं. थोड्या अंतरावर पाण्यातून राखाडी पाठ वर आली, आमच्या बोटीपेक्षाही लांबलचक, आणि फवारा उडाला. मामा लाट बसेपर्यंत थांबले. पाठ दुसऱ्यांदा वर आली तेव्हा शांतपणे म्हणाले, "देवमासा हाय."

बोटवाल्यानं वळून पाहिलं तोवर पाणी सपाट झालं होतं. "हंय खंयचो देवमासो, काका? डॉल्फिन असतलो." बोटभर हशा झाला. कुणीतरी विचारलं, "काका, तुमच्या गावात समुद्र आहे का?"

"ह्यानं बी बघितलंय. ह्याला इचारा," मामा म्हणाले.

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी पाहिला होता. दोन्ही वेळा, नीट. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हा मी म्हणालो, "उन्हात पाणी चमकतं, मामा. भास होतो."

ते एवढ्यावरच राहिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पेपरातल्या माझ्या सदराला विषय नव्हता. धरणावर आयुष्य काढलेल्या मामाला पहिल्याच समुद्रात देवमासा दिसतो, असा खुसखुशीत लेख मी लिहिला. नाव दिलं नाही, गाव दिलं. माकणीत तेवढं पुरलं. वाचकांनी खूप कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

गावच्या हॉटेलात चहाला गेले की कुणीतरी विचारायचंच, "अण्णा, आज धरणात देवमासे किती?" मामा कपात बघत म्हणायचे, "लाट बसली की सांगतो." पुढं त्यांनी हॉटेलात जाणं सोडलं. एका पावसाळ्यात पाणी वाढलं तेव्हा त्यांना कुणी विचारायला आलं नाही, हे मामीनं मला सांगितलं. मी विषय बदलला.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ते अंथरुणाला खिळले होते. मामी चहा करायला आत गेल्यावर म्हणाले, "खरं सांग... तुला दिसला व्हता का न्हाय?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. हसणारं कुणी नव्हतं. तरी मी म्हणालो, "आता नीट आठवत नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले. मग माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली.

तेराव्यानंतर मामीनं त्यांची वही माझ्यापुढं ठेवली. "तुमच्याच कामाची हाय म्हणायचे." निवृत्तीनंतरही ते रोज धरणावर जाऊन पातळी लिहीत होते. मालवणच्या दिवसाच्या पानावर पातळीचा रकाना रिकामा आहे. शेऱ्यात त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलंय: सकाळची वेळ, वारा मंद, देवमासा, दोन वेळा वर आला. पाहणारे दोघे.

माझा लेख छापून आल्यावरही त्यांनी तो शेरा खोडला नव्हता. वही आता माझ्या टेबलावर आहे. 'दोघे' हा शब्द बरोबर आहे.