आतला कारीगर

हरणीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पुढच्या खोलीत गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत घर. दुकान श्रीकृष्णाचं. बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर तो आत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेला बाहेर आणतो. माझ्याकडे कारीगर आहे, एवढंच गिऱ्हाइकाला सांगतो.

कारीगर म्हणजे त्याची बायको, मंदाकिनी. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. लग्नाआधी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात टेस्टिंगला होती. आता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोल्डरिंग करते. जेवायच्या वेळी सगळं आवरून पुन्हा पानं मांडते.

मागच्या आठवड्यात कारखान्यातल्या उषाताईंचा फोन आला होता. टेस्टिंगला जागा निघाली होती. सोमवारी अकराला ये, साहेब काम करायला लावून बघतील. मंदाकिनीने घरी सांगितलं. श्रीकृष्ण नाही म्हणाला नाही. नाही असं तो कधीच म्हणत नाही. सोमवारी सकाळी त्याने टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर आणून ठेवला आणि म्हणाला, किरकोळ आहे, एवढं करून जा.

तिने बघितलं तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज सारखा उडतो म्हणून ती श्रीकृष्णानेच घातली होती, हे विचारायची गरज नव्हती. फ्यूजवर निभावलं असतं ते आता पॉवर सप्लायवर गेलं होतं. त्यातले चारही ट्रान्झिस्टर जळले होते. तिने चारही बदलले. मग बॅटरीची तार गाडीच्या दिव्यातून घेऊन जोडली. आत सगळं ठीक असलं की दिवा लुकलुकून विझतो, शॉर्ट असला की जळत राहतो.

दिवा जळत राहिला.

कारण तिला लगेच सापडलं. एका ट्रान्झिस्टरखालचा, वीज अडवणारा मायकाचा तुकडा तडकला होता. पण नवा कापायचा, सगळं उघडून परत बसवायचं, गाडीत वाजवून बघायचं, म्हणजे बारा वाजले असते.

"अहो, हा नाही होणार," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कामाबद्दल खोटं सांगितलं.

श्रीकृष्ण हसला. "तुझ्याच्याने झाला नाही असा एक तरी दाखव." आणि बाहेर जाऊन त्याने गिऱ्हाइकाला बाराचा वायदा दिला.

तिने साडी बदलली, पर्स घेतली. घराबाहेर पडायचं तर दुकानातूनच जावं लागतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं.

"भाभी, क्यां चाल्यां?" कुठे निघालात, असं त्याने गुजरातीत विचारलं.

भाजी आणायला, असं श्रीकृष्णाने परस्पर सांगून टाकलं.

"ने कारीगर? आव्यो छे ने?" कारीगर आलाय ना, याची त्याला खात्री हवी होती.

श्रीकृष्ण तिच्याकडे बघत होता. तो रागावला असता तर ती पायरी उतरली असती. पण तो घाबरला होता.

"आव्यो छे," मंदाकिनी म्हणाली आणि मागे वळली.

साडी न बदलताच ती टेबलापाशी बसली. दिवा लुकलुकून विझला तेव्हा अकरा कधीच वाजून गेले होते. श्रीकृष्णाने अ‍ॅम्प्लिफायर बाहेर नेला, गाडीत जोडला, आवाज पूर्ण चढवला. स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायला लागल्या. टेबलावर फोन उजळला, उषाताईंचा होता. उचलला असता तरी त्या दणदणाटात काही ऐकू आलं नसतं. ती फोनकडे बघत राहिली.

आवाज थांबला तसा श्रीकृष्ण आत आला. गिऱ्हाईक कारीगरावर खूश होतं. मित्राच्या गाडीतलाही उद्या पाठवतो म्हणालं होतं.

मंदाकिनीने वर्तमानपत्राची घडी केली आणि टेबल पुसायला घेतलं.