मागच्या बाजूचं ‘नाही’

नगरपालिकेच्या ऑफिसात सगळे तिला ‘कानामात्रा’ म्हणायचे. बावीस वर्षं पत्रं टाइप करून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, ओळ भलत्या जागी तुटली की वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

रस्ता रुंद व्हायचा होता. नऊशे घरांना एकच मजकूर जाणार होता; नाव-पत्ते यादीतून आपोआप बसत होते. शेवटचं वाक्य होतं, ‘आपले घर पाडण्यात येणार नाही.’ नमुन्यात ते झकास बसलं होतं. पण ज्यांचे नाव-पत्ते लांबलचक, त्यांच्या पत्रात मजकूर खाली घसरला आणि ‘नाही’ साहेबांच्या छापील सहीसकट पानाच्या मागे गेलं.

ती धावतच साहेबांकडे गेली. “पाठवू नका. ‘येणार नाही’ तुटू नये असं जोडते, एकेक पत्र उघडून बघते. संध्याकाळपर्यंत होईल.”

“अहो, पान उलटायला लोकांचे हात दुखतात का?” साहेब म्हणाले. ती डबा खायला गेली तेवढ्यात गठ्ठे रवाना झाले.

आठ दिवसांनी एक म्हातारा शिंपी खिडकीशी आला. “बाई, पाडायची तारीख तेवढी सांगा. दारं-खिडक्या मी काढून ठेवल्यात. लाकूड तरी वाचेल. बायको अंथरुणाला खिळलेली, तिला लेकीकडे पोचवलं.”

तिने त्याच्या हातातलं पत्र उलटून दाखवलं. त्याने ‘नाही’वर बोट ठेवलं. मग म्हणाला, “पुढे वाचायची हिंमतच झाली नव्हती हो.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंप्याला घेऊन ती थेट केबिनमध्ये शिरली.

“तांत्रिक चूक आहे,” साहेब पुटपुटले.

“तांत्रिक? मी तोंड फाटेस्तोवर सांगितलं होतं! या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं घर उसवलंय!”



तिने कॉम्प्युटरवर नऊशेच्या नऊशे पत्रं उघडून तपासली. एक्केचाळीस तशी निघाली. नवं पत्र तिनेच लिहिलं. साहेबांनी ‘गैरसमज झाला असल्यास’ घालायला सांगितलं, तिने ‘चूक आमची आहे’ एवढंच ठेवलं आणि सही होईपर्यंत टेबलापुढून हलली नाही. मग एक्केचाळीस दारं स्वतः हिंडली. एका घरात भांडीकुंडी बांधून ठेवलेली होती. एका बाईने तिला उंबऱ्यातच फैलावर घेतलं.

शिंप्याकडे सुतार चौकटी परत बसवत होता.

“काकूंना कधी आणताय?”

“यायला तयार नाही. म्हणते, उद्या परत कागद आला तर?”

तिने पुढे होऊन सुताराला चौकट धरून दिली.

महिनाभरात तिची बदली तळघरातल्या जुन्या फायलींकडे झाली. कारण लेखी कुणी दिलं नाही. जिन्यात साहेब भेटतात, ओळखीचं हसतात. ती हसत नाही.