रमजानमधली पाण्याची बाटली

सौदीतल्या राबिघच्या कारखान्यात मी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून पाण्याची बाटली हिसकावून घेतली. वर "नो वॉटर! रमजान!" असं ओरडलोही. पोट सावरत पंपहाऊसमागे धावताना वाटत होतं, आपण बिचाऱ्याची नोकरी वाचवतोय. रोज्याच्या दिवसांत परदेशी माणूस उघड्यावर पाणी पिताना सापडला की खलास, थेट विमानतळ.

ते जपानी इंजिनिअर होते, सत्तरी ओलांडलेले. सौदीकरण जोरात होतं, आणि आमच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या स्थानिक पोरांना शिकवायला कंपनीने त्यांना बोलावलं होतं. म्हणजे मला घरी पाठवायला आलेल्याचीच नोकरी मी वाचवत होतो. रत्नागिरीकराची अक्कल, दुसरं काय!

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पीत नव्हतो. ओतत होतो."

वाळूवर ओला डाग होता. बघता बघता सुकत होता.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं. ते आठ वर्षांचे असताना, ऑगस्टातल्या याच दिवशी सकाळी, त्यांच्या शहरावर अणुबाँब पडला. धाकटी बहीण अंगणात खेळत होती. भाजलेली ती पोर रात्रभर पाणी मागत राहिली.

"किटली माझ्या हातात होती. मोठी माणसं म्हणाली, भाजलेल्याला पाणी दिलं की तो मरतो. मी दिलं नाही. पहाटे ती गेली."

गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. म्हणालो, "आता जग शहाणं झालंय, सर. पुन्हा कुणी टाकणार नाही."

"मीही शाळाशाळांतून हेच सांगायचो. मुलं टाळ्या वाजवायची. बाँब वाढतच गेले. मग बोलणं सोडलं. आता नुसतं पाणी ओततो." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू सकाळपासून तहानलेला आहेस. तूच सांग, द्यायला हवं होतं ना मी?"

संध्याकाळी अजान झाली की मला पाणी मिळणारच होतं. माझी कसली तहान! "उद्या सांगतो," म्हणालो आणि बाटली परत दिली. उरलेलं पाणी त्यांनी सावकाश ओतलं.

इफ्तारला घरी सगळं सांगितलं. लेक मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, "अब्बा, हे हिस्ट्रीत आहे. टू मार्क्स."

बायकोने आधी "धावलात? तुम्ही?" एवढंच विचारलं. मग खजुराची बशी हातात तशीच धरून ती म्हणाली, "पाणी न देता वाचली का ती?"

"नाही."

तिची नजर कोपऱ्यातल्या, मक्केहून आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याच्या कॅनकडे गेली. "आपल्यात मरणाऱ्याच्या तोंडात दोन थेंब तरी घालतात. तहानलेली कशाला पाठवली पोर?"

"हेच सांगू त्यांना उद्या?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "मोठ्या माणसांचं बरोबर होतं म्हणून सांगा."